टाकीला जाळी, टायरला हवा नाही

माझ्या तीन गाड्या आहेत. दोन दहाचाकी, एक सहाचाकी. जळगावात ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस आहे: एक टेबल, दोन खुर्च्या, बिल्टीबुकांचा ढीग आणि खिळ्याला अडकवलेली पंपाची बिलं. अकरा वर्षं मी गाड्या चालवतो असं लोकांना सांगत आलोय. खरं तर मी फोन चालवतो.

त्या खिळ्यावरच्या बिलांनी माझी झोप उडवली होती. दहाचाकी, बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, २०२१ चं मॉडेल, आणि ॲव्हरेज लिटरला ३.४ किलोमीटरच्या वर जायला तयार नाही. धंद्यातला कुठलाही मालक अशा वेळी एकच अंदाज बांधतो, तोच मीही बांधला: ड्रायव्हर डिझेल काढतोय. मागच्या वर्षी टाकीच्या तोंडाला जाळी बसवली, वर कुलूप लावलं. ॲव्हरेज ३.४ च राहिलं. मग मे महिन्यात ठरवलं, एक फेरी आपणच सोबत जायचं. जळगाव–सुरत–शिरपूर–जळगाव. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “मे महिन्यात? केबिनमध्ये? भरीत होईल तुमचं.”

गाडीवर आप्पा. वय पन्नाशीच्या पुढे, अमळनेरकडचे, बोलणं अहिराणी आणि तेही मोजून मापून. त्यांच्यासोबत क्लीनर, त्याला सगळे पोऱ्याच म्हणतात. मी सोबत येणार हे ऐकल्यावर आप्पांनी फक्त मान हलवली. का येतोय ते त्यांना कळलं असणारच.

दिवस पहिला: जळगाव, आणि जळगावच

सकाळी सातला पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. गळ्यापर्यंत म्हणजे खरंच गळ्यापर्यंत: नोझल बंद पडल्यावर आप्पांनी पोऱ्याला फुटबोर्डवर चढवून गाडी हलवायला लावली, टाकीतली हवा बुडबुडत वर आली, मग आणखी तीन लिटर बसलं. परत आल्यावर याच पंपावर, याच नोझलने, अशीच भरायची. टाकी टू टाकी. दुसऱ्या कुठल्या हिशेबावर माझा विश्वास नाही, आप्पांचाही नाही.

अकराला एमआयडीसीतल्या दालमिलच्या गेटवर लागलो. पुढे चार गाड्या. तूरडाळीचे ५० किलोचे ३६० कट्टे भरायचे होते, म्हणजे १८ टन. भरायला किती वेळ लागावा? हमालांनी हात लावल्यापासून दोन तास. हमालांचा हात लागायलाच पाच वाजले.

या सहा तासांत मी जे पाहिलं ते ऑफिसात बसून अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. गाडी उभी, पण इंजिन बंद नाही. मी पोऱ्यावर खेकसलो, तर तो डॅशबोर्डवरचा काटा दाखवायला लागला. एअर प्रेशर. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा उतरली की पार्किंग ब्रेक सुटतच नाही, आणि रांग दहा फूट पुढे सरकली की गाडी हलवायला हवी, नाहीतर मागचा हॉर्न मारून जीव खातो. आमच्या गाडीची हवा वीस मिनिटांत उतरत होती. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, कॉम्प्रेसर हवा भरत राहणार, हवा गळत राहणार.

“गळतंय कुठे?” मी विचारलं.

आप्पांनी उत्तर दिलं नाही. मला मागे नेलं, वाकून एका जॉइंटवर साबणाच्या पाण्याचा हात फिरवला. फेस फुगला. होळीच्या सुमाराला त्यांनी फोनवर हेच सांगितलं होतं आणि मी “बघू पुढच्या महिन्यात” म्हणालो होतो. आता आठवलं.

उभं इंजिन तासाला दोनेक लिटर पितं असं धरलं तरी एका लोडिंगला दहा-बारा लिटर धूर. आणि बीएस-६ गाडीचं दुखणं आणखी वेगळं. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. गाडी रस्त्यावर तापून पळाली की अडकलेली काजळी आपोआप जळते. उभ्या उभ्या घुरघुरत राहिली की गाळणी तुंबते, मग ती साफ करायला गाडी स्वतःच जास्त डिझेल ओढून धूर तापवते. म्हणजे उभं राहायचं डिझेल आणि उभं राहिल्याच्या दंडाचं डिझेल, दोन्ही आपलंच.

वाराईवरून, म्हणजे हमालीच्या पैशांवरून, थोडी बोलाचाली झाली, ती नेहमीचीच. साडेसातला वजनकाट्यावर आलो: गाडीसकट २८ टन २००. दहाचाकीची मर्यादा साडेअठ्ठावीस आहे. २०१८ च्या आधी पंचवीसच होती. तेव्हा रस्त्यावर किती गाड्या पंचवीसच्या आत असायच्या ते काटेवाल्यांना विचारा.

निघालो तेव्हा अंधार पडला होता.

दिवस दुसरा: पारोळा, धुळे, साक्री, कोंडाईबारी, नवापूर

रात्री एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यावर थांबलो. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, कांदा. तर्री अशी की खाटेवर बसल्या बसल्या घाम फुटला. मग केबिनमध्ये झोपायचा प्रयत्न. पत्रा दिवसभर तापलेला, खाली इंजिन तापलेलं, खिडकी उघडली तर मच्छर, लावली तर भट्टी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय. त्या नियमाची बातमी आली तेव्हा ऑफिसात बसून आम्ही मालक मंडळी चांगलीच हसलो होतो: आता ड्रायव्हरला गादी-गिरदी पण द्या म्हणावं. एसी डिझेल खाणार हा आमचा मुद्दा. त्या रात्री दोनला मी तो मुद्दा मनातल्या मनात मागे घेतला. असा भाजून निघालेला माणूस सकाळी गाडी कशी चालवेल, हे कुठल्याच हिशेबात धरलेलं नसतं.

पहाटे पाचला टणटण आवाजाने जागा झालो. आप्पा लोखंडी रॉड घेऊन गाडीभोवती फिरत होते. प्रत्येक टायरवर एक ठोका, कान देऊन ऐकायचं, पुढे. भरलेला टायर टणक वाजतो, रॉड उसळून मागे येतो. कमी हवेचा भद्द बोलतो. मी प्रेशर गेज सोबत घेतलं होतं, नवंकोरं. आप्पा म्हणाले, लावा.

पुढचे दोन्ही टायर ठीक, ११० च्या आसपास. मागे डबल चाकं आहेत, बाहेरचं आणि आतलं. बाहेरची ठीक. आतल्या चाकाचा वॉल्व्ह दोन रिमांच्या मधल्या फटीत असतो, हात घालायचा तर कोपरापर्यंत ग्रीस लागतं, म्हणून पंक्चरवालासुद्धा तिकडे बघत नाही. मी जमिनीवर आडवा झालो, हात घातला, गेज लावलं. ७२. पुन्हा लावलं. ७२. पलीकडच्या बाजूचं आतलं चाक ८५.

उठलो तेव्हा शर्टाचं काय झालं होतं ते सांगत नाही. आप्पा रॉड खांद्यावर ठेवून उभे होते. म्हणाले, “टाकीले जाळी लाई तुम्हीन, भाऊ. टायरनी हवा कोनी दखी?”

पाच दिवसांत ते माझ्याशी एवढंच एक वाकडं बोलले.

त्यामागचं गणित साधं आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो, प्रत्येक फेरीला रबर दबतं आणि सुटतं, आणि त्या दबण्या-सुटण्यात डिझेलची ताकद उष्णता होऊन उडून जाते. आतलं चाक बसकं असलं की सगळा भार बाहेरच्या चाकावर. मग ते घासतं, आणि मेच्या उन्हात फुटलं की आम्ही कंपनीला शिव्या देतो. अजून एक गोष्ट आप्पांकडून कळली: हवा पहाटे, टायर थंड असताना बघायची. दुपारी दोनला खानदेशातल्या डांबरावर तोच टायर दहा-पंधरा पॉइंट जास्त दाखवतो. बरेच जण घाबरून ती ‘जास्तीची’ हवा सोडून देतात आणि संध्याकाळी टायर उपाशी.

धुळ्याला आधी हवा भरली. मग ब्रेकच्या मिस्त्रीकडे तो जॉइंट. अर्ध्या तासाचं काम. मिस्त्रीने घेतलेले पैसे इथे लिहीत नाही, माझीच लाज जाईल. तिथून पुढे उभ्या गाडीचं इंजिन आम्ही बंद ठेवलं आणि काटा जागचा हलला नाही.

धुळ्यापासून साक्रीकडे निघालो की रस्ता उघडा होतो. दोन्हीकडे तापलेलं माळ, मध्येच निंबाची सावली, सावलीत शेळ्या. इंजिनच्या फेऱ्यांच्या काट्यावर एक हिरवी पट्टी असते. आप्पा काटा त्या पट्टीतून बाहेर जाऊ देत नाहीत. पुढे गतिरोधक दिसला की दोनशे मीटर आधी पाय उचलतात, गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावते, ब्रेकला हात नाही. (पायाला म्हणायला हवं.) मी जीप चालवतो तेव्हा गतिरोधकापर्यंत ॲक्सिलरेटर, मग ब्रेक, मग पुन्हा ॲक्सिलरेटर. जीपला ते खपतं. अठ्ठावीस टनांना एकदा थांबवून पुन्हा उठवायचं म्हणजे काय, ते टाकी सांगते.

सरकारने २०१७ मध्ये १२ टनांवरच्या गाड्यांसाठी इंधनखपतीची मानकं काढली. चाचणीत ट्रक ४० आणि ६० च्या स्थिर वेगाने पळवून डिझेल मोजायचं. मी आप्पांना हे सांगितलं. तेवढ्यात समोर लग्नाची वरात आली, बॅन्जो, पाठोपाठ ऊसतोड्यांची बैलगाडी, मग एक म्हैस. “स्थिर वेग?” आप्पांनी विचारलं, आणि पहिल्यांदा हसले. मानक चुकीचं नाही. गाड्यांची आपसात तुलना करायला मोजपट्टी लागतेच. पण शोरूममधला माणूस त्या आकड्यावरून ॲव्हरेज सांगतो आणि मालक त्यावरून ड्रायव्हरला चोर ठरवतो. मधला साक्रीचा रस्ता कोणी धरत नाही.

साक्रीला चहा. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर युरियाबद्दल बोलत होता. बीएस-६ गाडीला डिझेलसोबत डीईएफ लागतं, आमच्यात त्याला सरळ युरियाच म्हणतात. साधारण शंभर लिटर डिझेलमागे पाचेक लिटर. तो म्हणाला, विकत कशाला घेता, शेतातली गोणी आहे, पाण्यात कालवा. ऐकायला सोपं. पण डीईएफ म्हणजे शुद्ध युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण, तेही क्षार काढलेल्या पाण्यात. शेताच्या गोणीतला युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप दिलेला येतो. ते तेल आणि आपल्या बोअरचं जड पाणी युरिया धुरात फवारणाऱ्या नोझलमध्ये गेलं की नोझल बसलं, आणि सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या महागड्या डब्याचीही वाट लागली. आणि हे सगळं कशासाठी, तर धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करायची म्हणून. बसस्टँडवर डोळे चुरचुरतात ना, त्यात या ऑक्साइडांचाही हात असतो. डिझेल वाचवणं आणि धूर साफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाही आधी नीट उमगलं नव्हतं. युरिया डिझेल वाचवायला नसतो.

दुपार कलताना कोंडाईबारीचा घाट लागला. इथून रस्ता विसरवाडीकडे उतरतो, बाजूला साग, पळस, खाली नवापूरचा हिरवा पट्टा. भरलेली गाडी, उतार. मी आयुष्यभर ऐकलेला शहाणपणा काढला: “आप्पा, न्यूट्रल मारा. दहा किलोमीटर फुकट.”

त्यांनी गिअर आणखी एक खाली घेतला आणि एक्झॉस्ट ब्रेक दाबला, म्हणजे धूर अडवून इंजिनानेच गाडी रोखायची. इंजिन घोगरं घुमायला लागलं. “आठे न्यूट्रल नही करानं, भाऊ.”

कारण त्यांना तांत्रिक भाषेत सांगता येत नव्हतं, मी नंतर वाचलं. आताच्या गाड्यांत पंप कॉम्प्युटरवर चालतो. गिअरमध्ये असताना पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल पूर्ण तुटतं. शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रल मारून वाचवतोय म्हणतो तेव्हा आपण उलट जाळत असतो, वर ब्रेकचे लायनर तापवतो. पण आप्पांचं कारण हे नव्हतंच. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला आणि दहाच्या वर माणसं गेली. त्या दुपारी आप्पा शिरपूरला माल उतरवत होते. घाट म्हटला की त्यांना ते हॉटेल आठवतं.

नवापूरला रात्री आठ. इथलं रेल्वेस्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या बाकावर मधोमध रेघ मारून दोन्ही राज्यांची नावं टाकलीत. पोऱ्याला रेघेवर बसून फोटो हवा होता. काढला. तेवढ्यात मालगाडी गेली, डबे मोजता मोजता पन्नाशी ओलांडली. सुरत–भुसावळ लाइन आता दुहेरी आहे. टनामागे डिझेल, धूर काहीही मोजा, रेल्वेपुढे आमचा ट्रक कुठेच बसत नाही. पण दालमिलच्या दारातून सुरतेच्या दुकानाच्या दारापर्यंत रेल्वे येत नाही, म्हणून आमची चूल पेटते.

दिवस तिसरा: सुरत

याबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. पहाटे पोचलो, सात तास रांगेत, संध्याकाळी माल उतरला. परतीचं भाडं नाही. दलाल म्हणाला, उद्या बघू. आणखी एक रात्र त्या पत्र्यात.

दिवस चौथा: परत घाट, आणि आग्रा रोड

सकाळी शिरपूरच्या एका सूतगिरणीसाठी ९ टनांचं भाडं मिळालं. अर्धी गाडी. मी वैतागलो, आप्पा खूश: रिकामं जाण्यापेक्षा बरं.

ताडपत्री बांधताना त्यांनी अर्धा तास घालवला. अर्ध्या मालावर ताडपत्री सैल राहते, वाऱ्याने फुगते, फडफडते. त्यांनी फाळक्याशी दोर ओढून ओढून ती पखवाजासारखी ताणली. मला तो वेळ फुकट वाटला. पुढे नवापूरजवळ एक गाडी दिसली, तिची ताडपत्री मागे पॅराशूटसारखी फुगली होती. त्या ड्रायव्हरच्या मालकालाही डिझेलचोरीचा संशय असेल.

गाडीत बसून वहीवर एक हिशेब मांडला. भरलेली गाडी एका लिटरमध्ये १८ टन माल साडेतीन किलोमीटर नेते: १८ गुणिले साडेतीन, ६३ टन-किलोमीटर. अर्धी भरलेली ४.२ देते असं धरलं, तर ९ गुणिले ४.२, म्हणजे जेमतेम ३८. गाडीचं ॲव्हरेज वाढलं, मालाचं पडलं. रिकामी गाडी पाचाच्या वर देते आणि मालक खूश होतो, पण मालाचं ॲव्हरेज शून्य. माझ्या खिळ्यावरची बिलं मी कायम गाडीच्या ॲव्हरेजने वाचली. परतीचं भाडं एक दिवस आधी जुळवणं हे ड्रायव्हरचं काम नाही. ते ऑफिसातल्या फोनवाल्याचं काम.

धुळ्याला वळून आग्रा रोडला लागलो. सोनगीर, नरडाणा, चौपदरी सरळ रस्ता. इथे सगळे पळवतात. स्पीड गव्हर्नर ८० चा असतो आणि काही जण तोही ‘सरळ’ करून घेतात. आप्पा ६० वर. डावीकडच्या लेनमधून, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. दर दोन मिनिटांनी एखादा कंटेनर भोंगा वाजवत जातो.

“आप्पा, पंचाहत्तरने चला की. किती वेळ लागेल असा?”

“घाई कसानी शे?”

मीच वहीत मांडलं. धुळे ते शिरपूर पन्नासेक किलोमीटर. ७५ ने चाळीस मिनिटं, ६० ने पन्नास. दहा मिनिटं. तेवढा वेळ तर शिरपूरच्या गेटवर वॉचमन रजिस्टर शोधतो. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग सव्वापट केला की हवेचा अडसर दीडपटीहून जास्त. आमच्या गाडीचं तोंड म्हणजे उभी भिंत. त्यात केबिनवर मी हौसेने बसवलेला ताज. पत्र्याचा, दोन फूट उंच, मधे घोडा, बाजूला मोर, रात्री लुकलुकणारे दिवे. त्याच्यामागे कॅरिअर, त्यात जुना टायर आणि जुनी ताडपत्री. गाडी घेतली तेव्हा यासाठी मी वेगळे पैसे मोजले होते. म्हणजे एक भिंत कंपनीने दिली, दुसरी मी चढवली.

मग मी असंच विचारलं, “मग तुम्ही नेहमी साठनेच चालवता?”

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. सोनगीरचा किल्ला मागे गेला. मग म्हणाले, “भाऊ, डिझल इंजिन पेस नही, पाय पेस. आनि पाय फोन दाबस.”

डिझेल पाय पितो, आणि पाय फोन दाबतो. माझा फोन. कुठे पोचलात, अजून धुळ्यातच, पार्टी ओरडतेय. वेळेआधी पोचलं तर पाचशे रुपये, उशीर झाला तर भत्त्यातून कापणार, हा नियमही माझाच. या फेरीला फोन करणारा बाजूच्या सीटवर बसला होता, म्हणून पाय हलका होता.

शिरपूरला माल रात्रीच उतरला. तापीवरून येताना वाऱ्याची एक झुळूक आली, पाच दिवसांतली एकमेव.

दिवस पाचवा: शिरपूर, चोपडा, यावल, सावदा, जळगाव

परतीला रिकामी. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता, डावीकडे सातपुड्याची निळी रेघ. अनेर नदी ओलांडली की जळगाव जिल्हा. चोपड्यापासून केळी सुरू झाली आणि रंग बदलला: तापलेल्या मातीत एकदम गार हिरवं. काही बागा मात्र आडव्या. वळवाच्या वादळाने घड लागलेली झाडं कंबरेतून मोडलेली, शेतकरी बांधावर बसलेला. गाडी हळू झाली, कोणी काही बोललं नाही.

यावलजवळ पोऱ्याने विचारलं, “शेठ, एक लिटर जाळलं तर धूर किती निघत असेल?” त्याने आदल्या दिवशी माझी वही चाळली होती. मी सांगितलं, साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तो हसायला लागला: लिटरभर डिझेलचं वजन किलोभरसुद्धा नाही, मग त्यातून पावणेतीन किलो कसं निघेल? बरोबर विचारलं पोराने. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं. डिझेलमधला कार्बन तो ओढून घेतो. पोऱ्या बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसला. दहावी नापास आहे.

सावद्याला थांबलो ते केळी बघायला नाही, पुढच्या आठवड्याचं भाडं जुळतंय का ते बघायला. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. इथून गाड्या दिल्ली, पंजाब, पार काश्मीरपर्यंत जातात. एका गाडीत घड रचले जात होते. तळाला केळीचाच पाला, मग घड, मग पाला, हमाल दोन घडांमध्ये मूठभर फट ठेवत होता हवा खेळायला. केळी भरली की तिचं घड्याळ सुरू होतं. एक घड आत पिकायला लागला की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्यांनाही पिकवतो, आणि उन्हाने हे सगळं आणखी लवकर. म्हणून केळीवाले ८० ने पळतात, रात्र रात्र झोपत नाहीत. त्यांना साठचं कीर्तन ऐकवायला मी गेलो नाही. तिथे उपाय पायात नाही, गार डब्यात किंवा रेल्वेत आहे. सावदा-रावेरहून केळी रेल्वेने दिल्लीला जातेच. माझी तूरडाळ मात्र पिकत नाही. मी तिला केळीसारखं का पळवत होतो?

भुसावळकडे येताना दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. इलेक्ट्रिक ट्रकसाठी केंद्राचं अनुदान आहे, पीएम ई-ड्राइव्हमध्ये जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार, त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. कागद माझ्या टेबलावर आहे. पण या पाच दिवसांत, सातशे-साडेसातशे किलोमीटरमध्ये चार्ज होत असलेला ट्रक मला एकही दिसला नाही. आणि चार्जरमागची वीज म्हटली की आमच्याकडे आधी या चिमण्याच समोर येतात. तरी हिशेब मांडलाय. डाळीची भुसावळ-जळगावातली फेरी असेल, रात्री गाडी दारात परत येत असेल, तर कदाचित.

संध्याकाळी सहाला त्याच पंपावर, तेच नोझल. नोझल बंद पडलं, पोऱ्या फुटबोर्डवर चढला, गाडी हलवली, बुडबुडे आले. १९७ लिटर. किलोमीटर ७८४. मी मोबाइलवर भागलं, आप्पांनी मनात. ३.९८.

मागच्या महिन्यात हीच फेरी, माल जवळपास एवढाच, २३१ लिटर गेले होते. चौतीस लिटरचा फरक. पोऱ्याने लगेच बोटं मोजली आणि ‘नव्वद किलो’ म्हणाला. मी रुपये मोजत होतो. एका फेरीवरून फार नाचू नये हे मला कळतं. मालक शेजारी बसला की कोणीही नीट चालवतो. पण टाकीला जाळी तेव्हाही होती आणि आत्ताही आहे. मग हे चौतीस लिटर इतके दिवस कुठे जात होते?

पंपाच्या कोपऱ्यात गाडी लावली. मी म्हणालो, “आप्पा, तो ताज काढून टाकू.”

त्यांनी वर बघितलं. घोडा, मोर, लुकलुकणारे दिवे. पोऱ्याचं तोंड उतरलं, त्याला मोर आवडायचा. आप्पा टूलबॉक्समधून पाने घेऊन आले आणि स्वतः केबिनवर चढले. सहा बोल्ट. पाच निघाले. सहावा गंजून एकजीव झाला होता. रॉकेल ओतलं, ठोकलं, काही केल्या हलेना. अंधार पडला. ताज एका बाजूने लोंबकळत राहिला, मोर खाली डोकं वर पाय.

“सकाळी कटरवाल्याले बोलाऊ,” आप्पा खाली उतरत म्हणाले. “आनि भाऊ, ती जाळी भी त्यालेच काढी देवाले सांगू का? डिझल भरताना लई येळ लागस.”